मिरजेचं इंजिन बदलताना: दोन जळालेले डीकोडर आणि एक बहिरं स्टेशन

अण्णांचा नातू दुकानात आला तेव्हा त्याच्या हातात स्टीलचा डबा होता. मला वाटलं घरून काही खायला पाठवलंय. डब्यात निघालं ते असं: दोन जळालेले डीकोडर (खेळण्यातल्या इंजिनात बसणारी, हुकूम ऐकणारी इवली सर्किटं), वरचं कवच काढलेलं एक खेळण्यातलं म्हणावं असं रेल्वे इंजिन, आणि कापसात गुंडाळलेले चार बारीक स्क्रू.

"काका, प्रोग्रॅम चुकतोय कुठंतरी. आजोबा म्हणाले, आता तुम्हीच बघा."

सांगलीत विश्रामबागला माझं इन्व्हर्टर आणि ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. मॉडेल रेल्वे तोवर मी फक्त पुण्यात कोथरूडच्या जोशी संग्रहालयात, काचेपलीकडून बघितली होती. पण जळक्या सर्किटचा वास ओळखीचा. आणि 'प्रोग्रॅम चुकतोय' म्हणत आलेल्या वस्तूत निम्म्या वेळा कुठंतरी वायर चुकलेली असते, हाही अनुभव होता. इथं मामला त्याहून थोडा गुंतागुंतीचा निघाला, म्हणून क्रमानं लिहितो.

अण्णा मिरजेहून लोको पायलट म्हणून निवृत्त झाले. सांगलीच्या गावभागातल्या घराच्या माडीवर त्यांनी बारा फूट बाय तीन फूट प्लायवूडवर मिरज जंक्शन उभं केलंय. प्रमाण १:८७, म्हणजे ज्याला एचओ म्हणतात ते. चेन्नईच्या आयसीएफ कारखान्याचा साधारण २१.३ मीटरचा डबा या मापात साडेचोवीस सेंटिमीटर होतो, त्यामुळे फलाटावर सहा डबे मावतात आणि अण्णा त्यालाच 'फुल रेक' म्हणतात. गेजबद्दल, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराबद्दल, मात्र त्यांची कायमची तक्रार. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, ती ८७नं भागली तर १९ मिलिमीटरच्या वर यायला हवी. बाजारात मिळणारा रूळ १६.५ मिलिमीटरचा, तो युरोप-अमेरिकेच्या गेजचा. "ब्रॉडगेजचं इंजिन, पण उभं राहतंय पाय जवळ घेऊन," असं ते प्रत्येक पाहुण्याला एकदा तरी सांगतात.

आता मिरजच का, हे कळल्याशिवाय पुढचा खटाटोप कळणार नाही. पुण्याकडची लाईन सांगली, विश्रामबाग करत मिरजेत शिरते, आणि कोल्हापूरची लाईन जयसिंगपूरकडून येते तीही पश्चिमेच्याच अंगानं. म्हणून पुण्याहून कोल्हापूरला जाणाऱ्या गाडीला मिरजेत तोंड फिरवावं लागतं. आलेलं इंजिन सुटतं आणि गाडीच्या शेपटाकडं इंजिन लागतं. सांगलीपर्यंत पुढं तोंड करून बसलेला माणूस जयसिंगपूरला पाठमोरा जात असतो. अण्णांना हेच माडीवर करायचं होतं, आणि साध्या डीसी विजेवर नेमकं हेच सगळ्यात अवघड जातं.

डीसीवर रुळाला जितके व्होल्ट द्याल तितकं इंजिन पळतं, व्होल्ट उलटे केले की मागं येतं. रुळावर दोन इंजिनं असतील तर दोन्ही पळणार. एक उभं ठेवून दुसरं हळूच जोडायचं असेल तर रूळ तुकड्यांत तोडून प्रत्येक तुकड्याला वेगळा स्विच द्यावा लागतो. अण्णांकडे असे नऊ टॉगल होते. एखादा टॉगल विसरला की फलाटावर उभं असलेलं इंजिन अख्खी गाडी ढकलत निघायचं. "तीस वर्षांत मी कधी सिग्नल मारला नाही, आणि इथं रोज मारतोय," हे त्यांचंच वाक्य. सिग्नल मारणं म्हणजे लाल सिग्नल ओलांडणं.

डीसीसीत, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोलमध्ये, रुळाला कायम पूर्ण दाब असतो आणि हुकूमही त्याच दोन रुळांतून जातो. सांगलीच्या एसटी स्टँडवरचा माईक आठवा. घोषणा सगळ्या स्टँडला ऐकू जाते. ज्याच्या गाडीचं नाव घेतलं तोच चालक उठतो, बाकीचे चहा पीत बसतात. इथं प्रत्येक इंजिनात एक डीकोडर, त्याला स्वतःचा नंबर. रुळातला दाब सतत उलटसुलट होत असतो आणि तो किती वेळानं उलटतो यातच अक्षरं लपलेली: अर्धी लाट ५८ मायक्रोसेकंदाची असली तर एक, निदान १०० मायक्रोसेकंदाची असली तर शून्य. सुरुवातीला सलग एकांची रांग, मग इंजिनाचा नंबर, मग हुकूम, शेवटी तपासणीचा आकडा. तो जुळला नाही तर डीकोडर ते सोडून देतो. जर्मनीतल्या लेंझ कंपनीच्या कामावरून अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशननं १९९०च्या दशकात हे मानक ठरवलं, म्हणून एका कंपनीचा डीकोडर दुसऱ्या कंपनीच्या कमांड स्टेशनवर, म्हणजे हुकूम सोडणाऱ्या यंत्रावर, चालतो.

नातू डिप्लोमा करतोय, हुशार आहे. त्यानं परदेशी तयार संच न घेता डीसीसी-ईएक्स ही मोफत प्रणाली आर्डुइनो मेगा या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावर चढवली होती. ते योग्यच. पण रुळाला करंट पुरवायला त्यानं कॉलेजच्या रोबोटमधून काढलेला, लाल रंगाचा, एल-२९८ चिपचा मोटर ड्रायव्हर वापरला. घरात पडला होता, फुकट होता. सगळी गोष्ट या फुकट बोर्डाभोवतीच फिरते.

मी आधी इंजिन हातात घेतलं. जुनं ब्रिटिश बनावटीचं, धातूच्या चासीचं. अशा जुन्या इंजिनात मोटरचा एक कार्बन ब्रश, म्हणजे तिला वीज पोचवणारा तुकडा, सरळ चासीला टेकलेला असतो आणि चासी एका बाजूच्या चाकांमार्फत रुळाला. वायर वाचवायची जुनी युक्ती. डीसीवर त्यानं काही बिघडत नाही. डीकोडर बसवताना मात्र मोटरचे दोन्ही ब्रश रुळापासून पूर्ण तोडावेच लागतात. लाल आणि काळी वायर रुळाकडून येणार, नारिंगी आणि करडी मोटरला जाणार, आणि या दोन जोड्यांचा डीकोडरच्या बाहेर कुठंही संबंध येता कामा नये. आला, तर रुळाचा दाब मागच्या दारानं डीकोडरच्या आउटपुटवर येतो आणि आतले ट्रान्झिस्टर जातात.

हे नातवाला माहीत होतं. त्यानं खालच्या ब्रशच्या पत्तीखाली सेलोटेप लावलेला होता. मल्टिमीटर बझरवर, म्हणजे जोड असला की वाजेल असा, टाकून मी एक टोक ब्रशला, दुसरं चाकाला लावलं. आवाज नाही. दुसऱ्या बाजूचं चाक, तरी नाही. दोन्ही ब्रश, आठही चाकं, सगळं कोरडं. माझा अंदाज चुकला असं वाटून मी चहा मागवला.

चहा येईपर्यंत हाताला चाळा म्हणून मोटर धरून ठेवणारा स्क्रू लावला आणि शेवटचा अर्धा आटा आवळला. बझर वाजला. सैल केला, बंद. आवळला, वाजला. पत्ती काढून भिंगाखाली धरली तर तिच्या कडेला कापताना राहिलेली बारीक धार होती. स्क्रू घट्ट झाला की ती सेलोटेपमधून आरपार जाऊन चासीला भिडत होती. नातवानं तपासणी केली होती, पण इंजिन उघडं असताना. बंद केल्यावर केली नव्हती.

"पहिला जळल्यावर दुसरा कशाला लावला रे?"

"वाटलं पहिला डिफेक्टिव्ह असेल."

दोन डीकोडर म्हणजे पाच हजारांच्या वर धूर. मी काही बोललो नाही. माझ्या दुकानात यापेक्षा महाग धूर निघालेला आहे.

धार कानशीनं घासली, कॅप्टॉन टेपचे दोन थर दिले, आणि त्यावर जुन्या एक्स-रे फिल्मचा तुकडा कापून बसवला. दवाखान्यांचं मिरज शेजारी असताना एक्स-रे फिल्म कुणाच्या घरात नसते? सेलोटेप उष्णतेनं घामट होतो आणि सरकतो, ही फिल्म सरकत नाही. मग कवचासकट सगळे स्क्रू आवळून पुन्हा बझर. शांत.

मग एक मोजमाप, जे आधी कुणी केलंच नव्हतं: १२ व्होल्ट देऊन चाक बोटानं पूर्ण अडवलं आणि मोटर किती करंट ओढते ते बघितलं. ०.९ अँपिअर. जळालेले दोन्ही डीकोडर अर्ध्या अँपिअरचे, छोट्या इंजिनांसाठीचे. म्हणजे पत्ती टेकली नसती तरी पहिल्या चढावर कधीतरी गेलेच असते. ब्रश ज्यावर घासतात त्या कम्युटेटरवरची काजळी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, ब्रशची धूळ काढली, आकडा ०.७ वर आला. नवा डीकोडर एक अँपिअरचा मागवला.

तो येईपर्यंत कमांड स्टेशन. मला एक गोष्ट खटकत होती. नवीन डीकोडर बसवलेलं इंजिन आधी प्रोग्रॅमिंगच्या वेगळ्या रुळावर ठेवायचं असतं. तिथं करंटला मुद्दाम बांध असतो, डीसीसी-ईएक्समध्ये तो २५० मिलिअँपिअरचा. वायरिंग चुकलं असेल तर स्टेशन तिथंच करंट तोडतं आणि बहुतेक वेळा डीकोडर वाचतो. मग दोन्ही वेळा हा बांध आड का आला नाही?

"मी ठेवलं होतं की प्रोग्रॅमिंगवर. पण वाचायला सांगितलं की उत्तर यायचं उणे एक. पाच-सहा वेळा केलं. शेवटी तसंच मेन लाईनवर घेतलं. नंबर तीन असतोच ना नव्या डीकोडरला."

तीन असतो हे खरं. पण उणे एक येत होतं त्यातच सगळं होतं. डीकोडरला बोलायला तोंड नाही. त्याला विचारायचं, तुझ्या अमुक कप्प्यात अमुक आकडा आहे का? 'हो' म्हणायचं तर तो सुमारे सहा मिलिसेकंद मोटरला झटका देऊन निदान ६० मिलिअँपिअर जास्त ओढतो. स्टेशननं ती ओढ मोजायची. त्या लाल बोर्डावर करंट मोजून आर्डुइनोला कळवायची सोयच नाही. डीकोडर इमानानं 'हो, हो' म्हणत होता आणि स्टेशन ठार बहिरं. बहिरं म्हणून वाचता येईना. वाचता येईना म्हणून पोरानं प्रोग्रॅमिंगचा रूळ सोडला. आणि मेन लाईनवर पत्ती टेकून शॉर्ट झाला तेव्हा तोही या स्टेशनला ऐकू आला नाही. ट्रिप व्हायला करंट मोजावा लागतो. मोजणारा असता तर डीकोडर वाचलेच असते असं मी छातीठोक सांगणार नाही, पण धूर होईपर्यंत करंट चालू राहिला नसता. प्रोग्रॅमिंगच्या रुळावरचा तो २५० मिलिअँपिअरचा बांधही मोजल्याशिवाय कागदावरच.

लाल बोर्ड काढून आर्डुइनोवर थेट बसणारी, दोन्ही चॅनलचा करंट मोजणारी मोटर शील्ड लावली. चिप तीच, फरक फक्त कानांचा. ती लावताना एक जोड कापावा लागतो. शील्डच्या पाठीमागं 'व्ही-इन कनेक्ट' नावाचा बारीक पूल असतो. तो न कापता रुळासाठी १५ व्होल्ट दिले की तेच १५ आर्डुइनोच्या रेग्युलेटरवर जातात, आणि तिथं १२च्या वर जाऊ नये. ब्लेडनं पूल कापला, तुटल्याची बझरनं खात्री केली, आर्डुइनोला स्वतःचा छोटा ॲडाप्टर दिला. एल-२९८ स्वतःच दोनेक व्होल्ट खाते, म्हणून १५ दिल्यावर रुळावर तेराच्या आसपास राहतात. नेहमीच्या मल्टिमीटरवर हा आकडा नीट दिसत नाही, लाट फार वेगानं उलटते.

नवा डीकोडर बसवून इंजिन प्रोग्रॅमिंगच्या रुळावर ठेवलं आणि वाचायला सांगितलं. इंजिन जागच्या जागी टिक-टिक करत किंचित हललं आणि स्क्रीनवर आलं: ३. नातू इतका खूश झाला की मला त्याला थांबवून सांगावं लागलं, अजून रूळ बाकी आहेत.

रुळांसाठी मी गावभागात गेलो. तिथली कसोटी सोपी: पाच रुपयांचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं ठेवायचं. स्टेशन लगेच ट्रिप झालं पाहिजे. झालं नाही तर तिथपर्यंतच्या वाटेत अडथळा आहे, आणि उद्या इंजिन घसरून शॉर्ट झालं तर तो करंट चाकांमधून, डीकोडरमधून वाहत राहणार. सांगलीच्या टोकाला ट्रिप. फलाटावर ट्रिप. कोल्हापूरच्या टोकाला नाणं ठेवलं आणि काहीच झालं नाही. मीटरवर १.१ अँपिअर, नाणं हळूहळू कोमट. शॉर्ट असून स्टेशनला वाटत होतं दोन-तीन इंजिनं पळतायत.

अण्णा म्हणाले, "ती बाजू पुरातली हाय."

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा गावभागात शिरली तेव्हा लेआउट तळमजल्यावर होता. त्याचे तुकडे करून माडीवर नेले, कोल्हापूरचा तुकडा तेवढा राहिला. नंतर प्लायवूड बदललं, रूळ धुऊन तेच वापरले. मी दोन रूळ जोडणारी एक फिशप्लेट सरकवून काढली, नखाएवढी. आत गाळ होता, वाळून विटेसारखा झालेला. डीसीवर इंजिन तिथं थोडं मंद व्हायचं आणि अण्णा त्याला चढ समजून चालवून घ्यायचे.

फिशप्लेटवर करंटचा भरवसा ठेवायचाच नाही, असं ठरवलं. घरच्या वायरिंगची दीड स्क्वेअर एमएमची लाल-काळी जोडी बोर्डाखालून टोकापासून टोकापर्यंत नेली, आणि तीन-तीन फुटांच्या प्रत्येक रुळाला खालून अर्ध्या स्क्वेअरच्या स्वतंत्र वायरी सोल्डर केल्या. दोन रविवार पाठीवर झोपून गेले. सोल्डरचा एक थेंब कपाळावर पडला त्याची खूण आहे. त्यानंतर नाणं कुठंही ठेवा, ठेवायच्या आत ट्रिप. सांध्यांवरही, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते तिथंही, थोडं काम निघालं. क्रॉसिंगच्या धातूला सांध्याबरोबर फिरणारा मायक्रोस्विच दिला. नऊ टॉगल आणि जुने दोन डीसी कंट्रोलर पूर्ण काढले. जुना कंट्रोलर चुकून त्याच रुळाला जोडला गेला तर सगळं पुन्हा डब्यात.

नंबर देताना अण्णा अडून बसले. त्यांचं दुसरं इंजिन, अमेरिकन अल्कोच्या मॉडेलला रंग देऊन केलेलं डब्ल्यूडीएम-२ डिझेल, त्याच्यावर १७८४२ लिहिलंय. डीसीसीत एवढा मोठा नंबर बसत नाही. शेवटचे चार घेतले, ७८४२. हा नंबर डीकोडरच्या दोन कप्प्यांत (या कप्प्यांना सीव्ही म्हणतात) विभागून जातो: ७८४२ला २५६नं भागलं तर भाग ३०, बाकी १६२. सीव्ही १७ मध्ये १९२ अधिक ३० म्हणजे २२२, सीव्ही १८ मध्ये १६२. सॉफ्टवेअर हे आपोआप करतं, पण अण्णांनी कागदावर करून बघितलं तेव्हाच त्यांना पटलं. सीव्ही २९ मध्ये ३४ टाकले: मोठा नंबर चालू, १२८ पायऱ्यांचा वेग चालू, आणि डीसीवर चालण्याची मुभा बंद. ती मुभा राहिली तर रुळातला सिग्नल बिघडल्यावर डीकोडर त्याला साधं डीसी समजून इंजिन सुसाट सोडू शकतो.

एक गोष्ट मी नातवाला दहा मिनिटं समजावत होतो. डीसीवर 'पुढे' म्हणजे रुळाच्या उजवीकडे, इंजिनाचं तोंड कुठंही असो. डीसीसीत 'पुढे' म्हणजे इंजिनाच्या स्वतःच्या तोंडाकडे. उचलून उलटं ठेवलं तरी ते आपल्या नाकासमोरच जाणार. अण्णा खुर्चीतून म्हणाले, "आवं, रिव्हर्सर इंजिनात असतोय. रुळात कवा असतोय?" माझी दहा मिनिटं वाया.

मोबाईलवर वेगाची पट्टी सरकवणं त्यांना जमेना, बोट घसरायचं. 'इंजिन ड्रायव्हर' नावाच्या ॲपमध्ये आवाज कमी-जास्त करायच्या बटनांनी वेग घेता येतो आणि एका दाबाला किती वाढावा तेही ठरवता येतं. १६ पायऱ्या ठेवल्या, म्हणजे आठ दाबांत पूर्ण वेग. डब्ल्यूडीएम-२ला नॉचही, म्हणजे शक्तीचे टप्पेही, आठच. आता ते फोनकडे न बघता पुटपुटत नॉच घेतात. वेग पकडायला लागणारा वेळ सीव्ही ३ मध्ये असतो, तो आकडा ०.९नं गुणला की साधारण सेकंद येतात. त्यांनी ४० मागितले. छत्तीस सेकंद? "भरलेली गाडी हाय, स्कूटर न्हवं." थांबायच्या सीव्ही ४ लाही ४० दिल्यावर पहिल्याच फेरीत इंजिन शांतपणे, मोठ्या रुबाबात, बफर तोडून भिंतीला टेकलं. सीव्ही ४ आता १२ आहे.

आणि मग मिरज. सहा डब्यांची गाडी सांगलीकडून आली, फलाटावर थांबली. अण्णांनी उदबत्तीच्या काडीनं कपलिंग सोडलं, ७८४२ दोन इंच पुढं जाऊन उभं राहिलं, दिवा चालूच. शेडमधून दुरुस्त केलेलं जुनं इंजिन निघालं, त्याच फलाटाच्या लाईनीवर, शेपटाकडून, पहिल्या नॉचच्याही खाली रांगत आलं आणि टक्‌ करून लागलं. पुढचं इंजिन जागचं हललं नाही. अण्णांनी घड्याळ बघितलं, खऱ्या मिरजेपेक्षा किती लवकर झालं ते सांगितलं, आणि गाडी जयसिंगपूरकडे सोडली.

एका टोकाला लूप टाकायची त्यांची इच्छा मी सध्या थोपवलीय. लूपमध्ये डावा रूळ फिरून उजव्याला भेटतो, त्याला आपोआप ध्रुव बदलणारं वेगळं सर्किट लागतं. बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी गाडी एकेकाळी मिरजेला यायची, तीही त्यांना शेजारून हवी आहे. तो विषय निघाला की मीच बहिरा होतो.

तिसरं इंजिन बाकी आहे. त्याची चासी उभी दोन भागांत आहे, डावा भाग डाव्या रुळाला, उजवा उजव्याला, आणि मोटर दोघांच्या मधे आवळलेली. तिला सोडवायचं तर दोन्ही बाजूंनी धातू तासावा लागणार, त्यासाठी लेथवाला शोधतोय. तोवर ते शेडच्या शेवटच्या रुळावर उभं आहे, करंट तोडलेल्या. अण्णांनी त्याच्या अंगावर खडूनं 'सिक', म्हणजे नादुरुस्त, लिहून तारीख टाकलीय, आणि नातवाला बजावलंय की फिटरची सही झाल्याशिवाय ते पुसायचं नाही.